चिंधीवर पास केलेलं पाणी

रविवार, १६ मार्च

हर्षदा म्हणाली, जे तोंडावाटे निघत नाही ते वहीत लिहा. कुणी वाचणार नाही, मीसुद्धा मागणार नाही. म्हणून लिहायला बसलोय. मिलमधली रंगांच्या नोंदीची जुनी वही घरात पडून होती, तिची मागची पानं कोरी आहेत. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचणं-लिहिणं पुडीच्या कागदांवर शिकलो, तेव्हा अक्षर चालेल तसं चालेल.

हर्षदा आमच्या खालच्या मजल्यावरची पोरगी. आरोग्य केंद्रात नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मिलांच्या वस्तीत, पांडेसऱ्यात, माणसं पापडासारखी भाजून निघाली, तेव्हा तिनं मनावर घेतलं. इमारतींच्या मागं खाडीला लागून उकिरड्याची पट्टी होती, ती साफ करायची, झाडं लावायची, आणि दर रविवारी तिथंच बसून एकमेकांशी बोलायचं. मंडळाचं नाव ‘सावली’. आधी आम्ही हसलो. बोलायला मंडळ कशाला? ओट्यावर बसलं की तोंडाचा पट्टा सुरूच असतो. पण ओट्यावर माणूस दुसऱ्याबद्दल बोलतो, स्वतःबद्दल नाही. हे त्या पोरीनं बरोबर ओळखलं.

जुलैत साठ रोपं लावली. पाणी घालायचं काम दगाकडे.

दगा आमच्या पारोळ्याकडचा, लूमवरचा कारागीर. त्याचा वाल्मिक, एकोणीस वर्षांचा, मागच्या मे महिन्यात दगानंच लावून दिलेल्या स्लॅबच्या कामावरून ताप घेऊन आला आणि सकाळ काही बघितली नाही त्यानं. ऊन लागलं. तेव्हापासून दगा कामावर जात नाही, कुणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. पोराच्या नावानं एक आंबा लावलाय, त्याच्यासाठी म्हणून उठतो. सकाळचे दोन तास बादली घेऊन बाहेर. त्याची बायको मंदा मला म्हणाली, “आप्पा, ते दोन तास आहेत म्हणून माझ्या घरात चूल पेटते.”

आज बैठकीला नऊ जण होते. दगा आला, बसला, गेला.

शनिवार, २२ मार्च

नळाला पाऊण तास पाणी आणि तेही करंगळीएवढं. आज दगानं बादली नळाखाली लावली तर आमच्याच इमारतीतली रंजना म्हणाली, “माणसांना प्यायला नाही आणि झाडांना आंघोळी?” तिचंही खोटं नाही. तिच्या घरी सात माणसं आहेत. दगानं बादली उचलली आणि रिकामीच घेऊन घरी गेला. साडेसातलाच. दोन तासांचा अर्धा तास झाला.

मला राहवलं नाही. दुपारी मिलवर गेलो. योगराज माझ्या हाताखाली शिकलेला, आता पाणी साफ करायच्या प्लँटवर आहे. कापड धुतल्यावरचं पाणी तिथं गाळून साफ करून सोडून देतात. मी म्हटलं, त्यातलं आठवड्याला एक टँकर आमच्या झाडांना दे.

“आप्पा, तुम्ही म्हणाल तेवढं देतो. पण झाडांना चालेल का, ते तुम्ही बघा.”

“अरे, बत्तीस वर्षं पाणी बघण्यातच गेली माझी.”

आणि बघितलं. आमच्या रंगखात्यात रीतच होती. पांढरी चिंधी पाण्यात बुडवायची, पिळायची, उन्हात वाळवायची. जरासा डाग आला तर पाणी नापास, माल परत धुवायचा. मास्टर लोकसुद्धा माझ्या डोळ्यावर माल पुढं सोडायचे. मिठाची पोती वाहून खांदा वाकला, पण डोळा वाकला नाही.

चिंधी दुधासारखी निघाली. पास.

मंगळवार, २५ मार्च

टँकर आला. ट्रॅक्टरवाल्यानं झाडांपाशी ठेवलेली काळी टाकी काठोकाठ भरली. रंजनासुद्धा गॅलरीतून बघत होती. मी सगळ्यांना चिंधी दाखवली. खोटं कशाला लिहू, छाती फुगली. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं.

दगा पूर्ण दोन तास होता. अडीच म्हणायला हरकत नाही.

रविवार, ६ एप्रिल

आज दगा बैठकीत बोलला. एवढंच म्हणाला, “आंब्याला नवीन पानं आलीत. आधी तांबडी येतात. वाल्मिक म्हणायचा, आंब्याला लाज वाटते म्हणून तांबडी.”

हर्षदानं डोळे पुसले आणि वहीत लिहिल्यासारखं केलं. तिनं एक थर्मामीटर मोरीच्या भिंतीवर टांगलाय आणि एक खाडीकडच्या जुन्या करंजाखाली. दोन्हीत चार अंशांचा फरक आहे. ती म्हणते, चार अंशात माणूस वाचतो. दगानं ते ऐकलं आणि खाली बघितलं. तिनं तसं म्हणायला नको होतं असं मला वाटलं. पण घरी जाताना दगा त्या थर्मामीटरपाशी बराच वेळ उभा होता.

गुरुवार, १७ एप्रिल

ऊन फार. झाडांच्या आळ्यांच्या कडेनं मातीवर पांढरी साय आलीय, रांगोळी उडाल्यासारखी. कुणीतरी मुंग्यांसाठी चुना टाकला असणार. दगाला विचारलं तर तो म्हणाला, “नाही आप्पा, आपोआप आली.” आपोआप कसा येईल चुना? सोसायटीत प्रत्येकाला हात लावायची हौस.

सोनचाफ्याची पानं कडेनं करपलीत. उन्हानंच. दगाला सांगितलं, पाणी वाढव.

बुधवार, ३० एप्रिल

आज आखाजी, अक्षय तृतीया. वाल्मिक गेल्यानंतरची पहिली, म्हणजे त्याच्या नावाची घागर भरायची. खानदेशात घरोघर भरतात. गेलेल्या माणसाला वर उन्हाळ्यात तहान लागते, त्याला पाणी मिळावं म्हणून.

दगानं हट्ट धरला की घागर घरात नाही, आंब्यापाशी मांडायची. मंदानं सांजोऱ्या केल्या, हर्षदानं फुलं आणली. पण नळाला सकाळपासून थेंब नाही. मोटर जळाली म्हणे. दगा रिकामी घागर घेऊन उभा. तोंड असं झालं होतं की बघवेना.

मी म्हटलं, “अरे, टाकीतलं घे. याच पाण्यानं भर. मी तपासलेलं आहे, गंगेसारखं आहे.”

त्यानं भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी ते पाणी त्यानं आंब्याच्या बुंध्याशी ओतलं, सावकाश, लहान पोराला पाजावं तसं.

मला फार बरं वाटलं. वाटलं, आपण शिकलेलो नाही, पण कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

रविवार, ११ मे

साठातली बावीस रोपं वाळली. आंब्याची पानं टोकापासून तपकिरी होत आत आत जातायत.

बैठक कसली, पंचायतच झाली. रंजना म्हणाली, “हा माणूस भर उन्हात पाणी ओततो. मुळं शिजली. मी गॅलरीतून बघते ना रोज. आणि किती ओततो? चिखल करून ठेवतो.”

दगा म्हणाला, “आप्पांनीच सांगितलं होतं, वाढव म्हणून.”

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं होतं हे खरं. पण नऊ माणसं बघत होती, आणि त्याच्या आधी दहाच मिनिटं असं ठरलं होतं की पाच जूनला, पर्यावरण दिनाला, पाणी मिळवून दिल्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा.

मी म्हटलं, “वाढव म्हटलं होतं, पण एवढं नाही. झालं असेल जास्त. त्याचंही काही चूक नाही, दुःखात माणसाचं भान राहत नाही.”

म्हणजे वरून दया दाखवली. दगानं मान हलवली. म्हणाला, “असंल.” आणि उठून गेला. बादली तिथंच राहिली.

हर्षदा मागून पळत गेली. त्यानं दार उघडलं नाही.

सोमवार, १२ मे

दगा आला नाही. मी पाणी घातलं.

बुधवार, १४ मे

नाही आला. मंदा जिन्यात भेटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुन्हा भिंत.”

शुक्रवार, १६ मे

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

दुपारी वावटळ आली, तोंडभर धूळ. टाकीचा नळ सोडून चूळ भरली. आणि थुंकलो.

खारं होतं. विहिरीचं मचूळ पाणी असतं तसलं नाही, ओंजळीत मीठ विरघळवल्यासारखं. पुन्हा जिभेवर घेतलं. तेच.

बत्तीस वर्षं. सुती कापडावर रंग बसवायला पोत्यानं मीठ घालतात, ती पोती या खांद्यावरून गेली. मीठ पाण्यात जातं आणि पाणी काचेसारखं राहतं, हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? लहान पोरालाही ठाऊक असतं. पण मी रंगवाला. मला रंगापलीकडचं पाणी दिसलंच नाही. डाग नाही म्हणजे स्वच्छ. दोन महिने एकदाही जिभेला लावून बघितलं नाही.

मातीवरची ती साय बोटानं उचलून चाखली. चुना नव्हता तो.

शनिवार, १७ मे

योगराजकडे गेलो. तो खजील झाला. “आप्पा, रंग आम्ही काढतो, मीठ कुठं निघतं? मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. तुम्हाला मी काय शिकवायचं?”

त्याचं काही चुकलं नाही. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

टँकर बंद करायला सांगितलं. घरी येऊन सोसायटीत सांगितलं की मिलनं पाणी बंद केलं. असं सांगितलं मी.

रविवार, १८ मे

आज बैठकीत सांगायचं असं ठरवून गेलो होतो. दगा नव्हता. रंजना म्हणाली, तो नाही तेच बरं, निदान राहिलेली झाडं तरी वाचतील. दोघं-तिघं हसले. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसून राहिलो. मग हर्षदानं विचारलं, “आप्पा, तुम्हाला आज काही बोलायचंय?”

मी म्हटलं, “गुडघे दुखतात.”

बुधवार, २१ मे

पुष्पाबाईपासून, म्हणजे माझ्या बायकोपासून, काही लपत नाही. बेचाळीस वर्षं माझं ताट बघतेय ती. “तुम्ही काब्रं जेवतस नही?” म्हणाली. का जेवत नाही, विचारत होती. मी सांगितलं सगळं. घागरीचंही.

तिनं निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, “झाडाचं जाऊ द्या. झाड परत लावता येतं. त्या माणसाला वाटतंय की आपण पोराला एकदा उन्हात पाठवून मारलं आणि दुसऱ्यांदा पाणी घालून मारलं. आणि तुम्ही गुडघे चोळत बसलात.”

मी म्हटलं, लोक काय म्हणतील?

“म्हणू दे. तुमचं वय झालंय, किती दिवस म्हणणार आहेत?”

मला हसूही आलं आणि रडूही.

रविवार, २५ मे

आधी बैठकीत सांगायचं की आधी दगाला, याचा तीन दिवस विचार केला. चारचौघांत सांगणं सोपं, असं ध्यानात आलं. तिथं लोक म्हणतात, जाऊ द्या आप्पा, वयानं मोठे तुम्ही. दगाकडे असं म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून आधी तिथं गेलो.

मंदानं पाण्याचा पेला पुढं केला. तो माझ्या हातातच राहिला. दगा भिंतीकडे तोंड करून. मी त्याच्या पाठीशी बोललो.

“दगा, झाडं तुझ्यामुळं गेली नाहीत. माझ्यामुळं गेली. मिलचं पाणी खारं होतं. मी चाखून बघितलं नव्हतं. नंतर कळलं, तरी नऊ दिवस गप्प बसलो. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं, तेव्हा खरं काय ते ठाऊक नव्हतं, पण वाढव मीच म्हटलं होतं हे तर ठाऊक होतं.”

पंखा फिरत होता. मग तो तसाच, न वळता बोलला.

“घागरमा बी तेच पानी व्हतं का, आप्पा?”

त्याच्या हे ध्यानात येऊ नये, अशी आशा मी धरली होती. वहीत लिहितोय म्हणून कबूल करतो.

“हो.”

“तुम्हीनच सांगं व्हतं, हाईच पानी भर म्हनीसन.”

“मीच.”

“मना पोऱ्याले खारं पानी पाजं मी.”

मंदा दाराशी होती. तिनं पदर तोंडात कोंबला. मी म्हटलं, तू नाही, मी पाजलं. तो म्हणाला, “आते तुम्ही जा.”

तिथून तसाच बैठकीत गेलो आणि उभ्यानं सांगितलं. बसून सांगायचा धीर झाला नाही, बसलो असतो तर पुन्हा गुडघ्यांवर आलो असतो. सत्कार नको म्हणून सांगितलं. एक-दोघं म्हणालेच, “चूक कुणाकडून होत नाही, आप्पा?” मी म्हटलं, चूक एक होती. बाकीचं सगळं ठरवून होतं.

रंजना निघताना दगाच्या मजल्यावर चढताना दिसली. पाचव्या मिनिटाला खाली आली. दार उघडलं नसावं.

बुधवार, २८ मे

हर्षदानं नर्सरीवाल्याला आणून दाखवलं. तो म्हणाला, मुळांपाशी गोडं पाणी पुन्हा पुन्हा भरून खार खाली धुऊन काढायचा, तर काही झाडं वाचतील. करंज उभे आहेत, त्यांना खाराचं फार वाटत नाही. आंब्याचं सांगता येत नाही.

गोडं पाणी म्हणजे नळाचं. पुन्हा तिथंच आलो. मी प्रत्येक दारी गेलो. काय म्हणून मागायचं ते कळेना, म्हणून जे झालं ते प्रत्येक दारी पुन्हा सांगितलं आणि एक हंडा मागितला. चोवीस दारं. सतराव्या दारापर्यंत शब्द अडखळत होते, नंतर अडखळायचे थांबले. अकरा घरांनी हो म्हटलं. एका घरचे काका मला आत बसवून हसले, “आप्पा, तुम्ही रंगवाले, आम्ही मिठाला जागणारे.” मी पण हसलो. ते काही बरं हसू नव्हतं.

रंजनानं न मागता दोन हंडे भरून जिन्यात ठेवले होते.

शनिवार, ३१ मे

रोज पहाटे हंडे वाहतो. पुष्पाबाई एक धरते. हर्षदा ड्यूटीच्या आधी येते. दगाचं दार बंद. आंब्याला सगळ्यात शेवटी पाणी घालतो. त्याला हात लावायचा मला हक्क आहे का, असं वाटतं. तरी घालतो. त्याचं दुसरं कोण आहे आत्ता?

सोमवार, २ जून

आज दगा आला.

मी आंब्याच्या आळ्यात हंडा कलता करत होतो, तर मागून हात आला आणि हंड्याचा काठ धरला. दाढी वाढलेली, डोळे खोल. रंजना होती, हर्षदा होती, पुष्पाबाई होती. त्यानं कोपऱ्यातला तांब्या घेतला, हंड्यातून भरला आणि माझ्यापुढं धरला.

“पयले तुम्ही प्या.”

मी घेतला. प्यायलो.

“कसं शे?”

“गोडं आहे.”

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. आम्ही कापड उजेडाला धरून बघायचो तसं. मग म्हणाला, “वता.”

मी ओतलं. तो आळ्यात बोटानं माती सारखी करत होता.

पुष्पाबाई घरी आल्यावर म्हणाली, सगळ्यांसमोर पाजायला नको होतं त्यानं. मी म्हटलं, सगळ्यांसमोरच पाहिजे होतं.

बुधवार, ४ जून

काल पाजलं, आजही पाजलं. प्रत्येक हंड्याला एक घोट. आज अकरा घोट झाले. दुसरं काही बोलत नाही. “प्या”, “कसं शे”, “वता”. पहिल्या घोटाला मान खाली जाते, अकराव्यालाही जाते. सवय होईल असं वाटलं होतं. होत नाही. होऊही नये बहुतेक.

गुरुवार, ५ जून

पर्यावरण दिन. पुढच्या चौकात मांडव घालून कुणी कुणी नवीन रोपं लावली, फोटो झाले. आमच्यातलं कुणी गेलं नाही, हंडे होते.

सव्वीस झाडं गेली, तेवढी मोजली. आंबा त्यात धरायचा की नाही, यावर हर्षदा आणि नर्सरीवाल्याचं एकमत नाही. खोड नखानं खरवडलं तर आत हिरवं आहे. पण पान एकही नाही.

दगानं आज दोन तास काढले. नंतर तिथंच बसला, मीही थोड्या अंतरावर बसलो. उठताना त्यानं बादली उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “सकाळले लवकर या. पानी आते साडेपाचले येस.”

मी म्हटलं, येतो.

“आनि काहीबाही खाईसन या, आप्पा. उपाशीपोटी इतलं पानी पेवाले नको.”